ओडम यांच्या उंदराची प्रकृती

विज्ञानाची आजवरची सगळी प्रगती उंदरांच्या जिवावर झालेली आहे, ही गोष्ट आता कोणी नाकारत नाही. माणूस चंद्रावर जाऊन आला खरा, पण त्याआधी कुठल्या ना कुठल्या पिंजऱ्यात एखादा उंदीर उपाशी राहिला, एखादा जास्त जेवला आणि एखादा चाकावर पळून पळून दमला. एवढी सेवा करूनही उंदरांच्या वाट्याला कधी मान आला नाही. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्ट कार्लिन गावाने मात्र हा अन्याय दूर केला आहे. तिथल्या उंदरांना स्वतःचं घर आहे, गाडी आहे, आरोग्यविमा आहे, आणि बहुतेकांची लग्नंही झालेली आहेत.

गावाची वस्ती नऊ हजार चारशे. महाविद्यालय नाही, प्रयोगशाळा नाही, वाचनालय आठवड्यातून तीनच दिवस उघडतं (तेही थंड हवेसाठी). तरीसुद्धा गेल्या मोजणीत गावात तेवीस संशोधक निघाले. सगळे पंचावन्नच्या पुढचे आणि सगळे टायरच्या दुकानामागच्या ‘टार्पन जिम’चे सभासद. म्हणजे दर चारशे नऊ माणसांमागे एक संशोधक पडतो. आसपासच्या कुठल्याही गावात हे प्रमाण एवढं नाही (आसपासच्या गावांत मोजणी झालेली नाही).

संशोधनाचा विषय एकच होता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. माणूस विशीत असतो तेव्हा ती वाढीचं हार्मोन सढळ हाताने वाटते. पुढे तिचं निवृत्तीला आलेल्या कारकुनासारखं होतं. फाइल टेबलावर असते, सही काही होत नाही. शास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून अमिनो आम्लांचे पाच-सहा मणी ओवून एक इवलीशी माळ तयार केली. तिला पेप्टाइड म्हणतात. ही माळ म्हणजे हार्मोन नव्हे. ती ग्रंथीच्या दारात जाऊन फक्त विचारते, की आमच्या मागणीचं काय झालं? ग्रंथी दचकते आणि थोडं हार्मोन सोडते. थोडक्यात हे एक स्मरणपत्र असतं, आणि ते पोटाच्या कातडीखाली सुईने टाकावं लागतं.

या स्मरणपत्रांचा माणसाला फायदा किती आणि तोटा किती, हे खरे शास्त्रज्ञ अजून तपासत आहेत. खरे शास्त्रज्ञ हळू चालतात. तोवर पोर्ट कार्लिनमध्ये टपालाने येणाऱ्या कुप्यांवर लेबल असतं: ‘केवळ संशोधनासाठी. मानवी वापरासाठी नाही.’ गिऱ्हाइकाचा एवढा मान राखणारं दुसरं लेबल जगात नसेल. साबण विकणारा तुम्हाला मळका समजतो, कुपी विकणारा तुम्हाला शास्त्रज्ञ समजतो आणि वर पदवीही मागत नाही.

व्हर्नन ओडम या क्षेत्रात उशिरा आला. वय एकसष्ट, नोकरी खाडीवरच्या उघडझाप करणाऱ्या पुलावर. होडी आली की बटण दाबायचं, पूल वर. होडी गेली की दुसरं बटण, पूल खाली. चौतीस वर्षांच्या संसारात त्याची कोणाबद्दल तक्रार नव्हती. मग एका शनिवारी तो आणि त्याची बायको डार्लीन खाडीकाठच्या हॉटेलात मासे खायला गेले. वाढणाऱ्या मुलीने डार्लीनपुढे नेहमीचं मेनूकार्ड ठेवलं आणि व्हर्ननपुढे न विचारता ज्येष्ठांचं ठेवलं, मोठ्या अक्षरांचं आणि मऊ पदार्थांचं. इथे नोंदवायला हवं, की डार्लीन त्याच्याहून चौदा महिन्यांनी मोठी आहे. ती एवढी हसली, की बर्फाचा चहा तिच्या नाकातून आला. व्हर्ननही हसला. घरी जाण्याआधी त्याने गाडीच्या आरशात आपली मान पाच मिनिटं निरखून पाहिली. मान सैल पडली होती, आणि ते त्याला फार लागलं.

सोमवारी तो जिममध्ये रस्टी बोलिंजरला भेटला. रस्टी सहासष्ट वर्षांचा, पूर्वी लोकांच्या अंगणात पोहण्याचे तलाव खोदून द्यायचा. आता त्याला सगळे या संशोधक संस्थेचा डायरेक्टर म्हणत.

‘‘रस्टी, ते इंजेक्शन मलाही हवंय,’’ व्हर्नन म्हणाला.

रस्टीने हातातलं वजन खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं. ‘‘तुला काही नकोय, व्हर्नन. तुझ्या उंदराला हवंय.’’

‘‘माझ्याकडे उंदीर नाहीये.’’

‘‘जा, आरशात बघून ये.’’

मग त्याने संस्थेची घटना समजावून सांगितली. कुपीवर जे छापलंय त्याचा मान राखायचा. कोणीही कधीही ‘मी घेतलं’ म्हणायचं नाही. बायकोपुढे नाही, डॉक्टरपुढे नाही, एकटं असतानासुद्धा नाही, कारण सवय मोडते. सुई उंदराला टोचली जाते, दंड उंदराचे भरतात, पोट उंदराचं बिघडतं. संशोधक फक्त निरीक्षण करतो. जो चुकून ‘मी’ म्हणेल त्याने सगळ्यांना उकडलेल्या शेंगा चारायच्या. आणि जो जाणूनबुजून म्हणेल, तो संस्थेतून बाहेर. व्हर्ननला हे सगळं फार पटलं. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याला निरीक्षक नेमलं होतं.

दर गुरुवारी सकाळी दहा वाजता जिमच्या मागे, रस्टीच्या ट्रकच्या हौद्यात बसून आढावा बैठक होई. एकाच्या उंदराचा खांदा दुखत होता. दुसऱ्याचा उंदीर रोज चार मैल चालू लागला होता. तिसऱ्याच्या उंदराला वाहतूक पोलिसाने वेगाबद्दल पावती दिली होती (हा औषधाचा गुण की दोष, यावर एकमत झालं नाही). पण व्हर्ननला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. पेट्रोलपंपाचा मालक, ज्याने चाळीस वर्षांत हवामान सोडून कशावर तोंड उघडलं नव्हतं, तो एका गुरुवारी खाली बघत म्हणाला, की भाऊ गेल्यापासून त्याचा उंदीर नीट जेवत नाही. मग रस्टी म्हणाला, ‘‘त्याला सांग, इथे अजून बावीस उंदीर आहेत.’’ बायकांना जे अश्रू ढाळून साधतं ते या मंडळींनी एक मुका प्राणी मध्ये घालून साधलं होतं, आणि संस्थेचा हा फायदा कुठल्याही लेबलवर छापलेला नाही.

व्हर्ननने रीतसर वही ठेवली. दिवस चौथा: उंदराला झोप उत्तम, स्वप्नं रंगीत. दिवस अकरावा: भूक. उंदराने दुपारी दाबलेले तीन क्यूबन सँडविच, लिंबाचा अख्खा केक आणि बायकोच्या ताटातलं उरलेलं खाल्लं, आणि चारला परत भूक लागली. दिवस तिसावा: वजन नऊ पौंडांनी वाढलं. यात स्नायू किती आणि केक किती, हे वहीला सांगता आलं नाही, पण पँटने सांगितलं. दिवस अडतिसावा: लग्नाची अंगठी बोटात रुतली. दिवस पंचेचाळिसावा: डाव्या हाताला मुंग्या, बोटांना स्पर्श कळत नाही. मानेबद्दल वहीत दर सोमवारी एकच नोंद आहे: जैसे थे.

मुंग्यांचा विषय त्याने गुरुवारी मांडला. बैठकीने एकमताने निर्णय दिला, की याचा अर्थ औषध लागू पडतंय. दोघांनी आपापल्या उंदरांचे बधिर हात पुरावा म्हणून दाखवले. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, इथे तर मांजराचीही गरज पडली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी व्हर्ननने पूल वर केला, होडी गेली, आणि त्याने पूल खाली करायचं बटण दाबलं. निदान दाबल्यासारखं त्याला वाटलं. बोटाला काहीच कळलं नव्हतं. रिकाम्या खाडीवर पूल चौदा मिनिटं आभाळाकडे तोंड करून उभा राहिला, आणि रस्त्यावर एक अंत्ययात्रा खोळंबली. मृताने तक्रार केली नाही, त्याच्या विधवेने केली. काउंटीचं, म्हणजे पूल चालवणाऱ्या जिल्हा कचेरीचं, पत्र आलं, की महिनाभरात हात नीट असल्याचा दाखला आणा, नाहीतर पुलावरून उतरा. पेन्शनला बावीस महिने उरले होते, आणि व्हर्ननला पूल सोडून दुसरं काही येत नव्हतं.

डॉक्टर इचेवेरी बाईंनी त्याला नीट तपासलं. साखर चढलेली, मनगटाची नस दबलेली, अंगावर सूज. त्यांनी विचारलं, काही औषध घेता? व्हर्नन म्हणाला, नाही. पावडर, गोळ्या, इंजेक्शनं, जिममध्ये कोणी दिलेलं काही? व्हर्नन म्हणाला, मी काहीही घेत नाही. संस्थेच्या घटनेप्रमाणे हे विधान शंभर टक्के खरं होतं. बाईंनी तीनदा विचारलं आणि तीनदा खरं उत्तर ऐकून घेतलं. मग त्यांनी साखरेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मनगट कापून नस मोकळी करायची तारीख दिली, पुढच्या शुक्रवारची.

घरी आल्यावर डार्लीनने तो कागद दोनदा वाचला. कुपी तिला दीड महिन्यापूर्वीच सापडली होती, फ्रिजमध्ये मेयोनेजच्या मागे. ती बोलली नव्हती, कारण चौतीस वर्षांच्या अनुभवाने तिला ठाऊक होतं, की या माणसाला वेळ दिला की तो आपोआप सापडतो. मात्र पोर्ट कार्लिनच्या संशोधकांनी एक गोष्ट हिशेबात घेतली नव्हती. डार्लीन ओडम सत्तावीस वर्षं एका विद्यापीठात, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीच्या कचेरीत होती. अख्ख्या गावात उंदरांचे नियम पाठ असलेली ती एकटीच.

सकाळी व्हर्नन अंडी खायला बसला (सहा), तेव्हा तिने कॉफीच्या शेजारी अकरा पानी अर्ज ठेवला.

‘‘हे काय?’’

‘‘तुझ्या उंदरासाठी. परवानगीशिवाय प्रयोग करता येत नाही. भर.’’

व्हर्ननने तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्याने पेन घेतलं. जात, लिंग, वजन हे रकाने सोपे गेले (वजन त्याने चार पौंड कमी लिहिलं, तिने खोडून बरोबर केलं). मग पिंजऱ्याचा रकाना आला. प्राणी एकटा ठेवला आहे की जोडीने? व्हर्ननने लिहिलं, जोडीने. त्याखाली विचारलं होतं, प्रयोगाचा जोडीदारावर काय परिणाम होईल? तिथे त्याचं पेन थांबलं, आणि डार्लीनने त्याच्या कपात कॉफी ओतली. प्राण्याला वेदना होत असल्यास कोणत्या वैद्याने तपासलं? तपासलं, पण वैद्याला प्रयोगाची माहिती दिली नाही. या रकान्यावर ती म्हणाली, की एवढ्या एका उत्तरावर समितीने भल्याभल्यांच्या प्रयोगशाळांना टाळं लावलंय.

शेवटचा रकाना अकराव्या पानावर होता. प्रयोग संपल्यावर प्राण्याचं काय करणार?

‘‘इथे काय लिहितात?’’ व्हर्ननने विचारलं.

‘‘बहुतेक सगळे एकच लिहितात, दयामरण. मी सत्तावीस वर्षं त्याच्यावर शिक्का मारत आले.’’

अंडी गार झाली आणि पन्नास दिवसांत प्रथमच त्याला भूक लागली नाही.

‘‘उंदराला भीती वाटते,’’ तो म्हणाला.

‘‘कशाची?’’

‘‘की तू त्याच्याकडे एक दिवस वडिलांकडे बघावं तसं बघशील. रस्ता ओलांडताना हात धरशील. मासा बारीक करून देशील.’’

डार्लीनने अर्ज बाजूला सरकवला. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचा रागही आला होता, दोन्ही एकदम.

‘‘मला म्हाताराच हवा होता, व्हर्नन. म्हाताऱ्याशी लग्न करायचं मी तेव्हाच ठरवलं होतं. तू सत्तावीसचा निघालास म्हणून एवढी वर्षं वाट बघावी लागली. आता कुठे व्हायला लागलायस, तर हे धंदे.’’

व्हर्ननने पेनला टोपण लावलं.

‘‘आणि उंदराने घेतलेल्या औषधासाठी तुझा हात कापणार आहेत. तो हात माझा आहे,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या मी येते दवाखान्यात. पण बोलायचं तू.’’

दुसऱ्या दिवशी व्हर्नन डॉक्टर बाईंसमोर बसला. खिडकीबाहेर रस्टीच्या ट्रकसारखा एक ट्रक उभा होता. तो रस्टीचाच असावा असं त्याला वाटलं. संस्थेतून बाहेर जाणं म्हणजे गुरुवार जाणं, आणि गुरुवारखेरीज त्याला मित्र नव्हते. शिवाय काउंटीला कळलं तर पूलही जाईल. त्याने सुरुवात केली. ‘‘डॉक्टर, समजा एक उंदीर आहे...’’

डार्लीनने नुसती पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

‘‘मिस्टर ओडम, मी माणसांची डॉक्टर आहे,’’ बाई म्हणाल्या.

व्हर्ननने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. ‘‘मी घेतो,’’ तो म्हणाला. ‘‘पोटात टोचून. पावणेदोन महिने झाले. मीच घेतो.’’

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शुक्रवारची शस्त्रक्रिया रद्द केली, कुप्या आणून द्यायला सांगितलं आणि काउंटीकडे महिनाभराची मुदत मागून घेतली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की या आठवड्यात बधिर हात घेऊन आलेले ते तिसरे गृहस्थ, आणि आधीच्या दोघांनीही काहीच घेत नाही म्हणून सांगितलं होतं.

पुढची हकीकत सरळ आहे. सूज पंधरा दिवसांत उतरली, अंगठी सुटली, साखर हळूहळू खाली आली. सहाव्या आठवड्यात पुलावरच्या बटणाचा थंडपणा त्याच्या बोटाला कळला. काउंटीने चौकशी केली. मादक पदार्थांच्या यादीत पेप्टाइड सापडेना, खोटं बोलल्याचा आरोप सिद्ध होईना. शेवटी ‘वरिष्ठांच्या परवानगीविना दुसरा व्यवसाय (विज्ञान) केल्याबद्दल’ त्याला तीन आठवडे घरी बसवून लेखी ताकीद देण्यात आली. संस्थेने मात्र त्याला कबुलीनंतरच्या पहिल्याच गुरुवारी काढून टाकलं होतं. ठराव रस्टीनेच मांडला. त्यात व्हर्ननच्या निरीक्षणशक्तीचा गौरव होता आणि त्याच्या उंदराला दीर्घायुष्य चिंतलं होतं.

व्हर्नन पुलावर परतल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी रस्टी पुलावरच्या केबिनमध्ये एकटाच आला. एक होडी आली, पूल वर गेला आणि वेळेत खाली आला. मग रस्टीने विचारलं, की त्या डॉक्टर बाईंचा नंबर आहे का. व्हर्ननने सवयीने विचारलं, ‘‘उंदरासाठी?’’

‘‘नाही रे,’’ रस्टी म्हणाला. ‘‘माझे दोन्ही हात गेलेत.’’

आजमितीला संस्थेत चौदा संशोधक उरले आहेत. गुरुवारची बैठक दोन ठिकाणी भरते. ट्रकमध्ये ती पूर्वीसारखीच चालते. ओडमांच्या मागच्या ओट्यावर नऊ जण जमतात, तिथे ‘मी’ म्हणायला मुभा आहे आणि शेंगा डार्लीन उकडते. बोलण्याची गती तिथे अजून फार मंद आहे, कारण उंदराशिवाय बोलायचं म्हणजे या मंडळींना जड जातं. व्हर्ननची मान सैल होती तेवढीच आहे. अकराव्या पानावरचा तो रकाना त्याने अखेर भरला, पण काय लिहिलं ते फक्त डार्लीनला माहीत आहे.

ही हकीकत आतापर्यंत एकतीस जणांना सांगून झाली. ओडमांच्या बोटांना पूर्ण आराम पडला का, असं विचारणारे दोघे निघाले. डार्लीनने आधीच का नाही झापलं, असं विचारणारी एक निघाली. उरलेल्या अठ्ठावीस जणांनी त्या पेप्टाइडचं नाव काय, ते मागवतात कुठून, आणि मात्रा थोडी कमी ठेवली असती तर मान जरा तरी आवळली गेली असती का, एवढंच विचारलं (अठ्ठावीसही जण एका ओळखीच्या गृहस्थांसाठी विचारत होते). नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही. ते कुठे नजरेतून सुटलं की काय म्हणून आपण मघाशी दोन परिच्छेद मागे जाऊन पाहिलंत, तेही निव्वळ ज्ञानासाठी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. घरी सांगितलंय ना, एवढंच विचारायचं होतं.